शिक्का पुसणारा कारकून

मराठीत काही वाक्ये अशी आहेत की ती नेहमी आवाज खाली आणूनच बोलली जातात. ‘त्यांच्या घराण्यात आहे’ हे त्यांपैकी एक. काय आहे ते उघड सांगायचे नसते. ऐकणाऱ्याने ते आपले आपण समजून घ्यायचे असते. क्षयाची दहशत होती तेव्हा ते क्षयाविषयी बोलले जाई, वेडाविषयी बोलले जाई, कोडाविषयी बोलले जाई. आता बहुतेक वेळा ते कर्करोगाविषयी बोलले जाते. मी मराठीचा अध्यापक. त्यामुळे या वाक्यातल्या ‘आहे’ या क्रियापदाचे मला मोठे नवल वाटत आले आहे. घराण्यात जमीन असते, वाडा असतो, देवघरातले टाक असतात. त्याच चालीवर आपण रोगालाही ‘असवतो’. जणू तो सातबाराच्या उताऱ्यावर चढलेला आहे आणि बापाकडून मुलाकडे न मागता, न चुकता जाणार आहे.

रोग खरोखरच असा वारशाने येतो काय? आणि येत असेल तर नेमके काय येते? रोगच येतो, की दुसरेच काही?

या प्रश्नाचे एक उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाले. माझा एक भाचा जीवरसायनशास्त्रात संशोधन करतो. गेल्या मे महिन्यात तो आमच्याकडे राहायला आला होता, आणि रोज रात्री जेवणानंतर ‘मामा, तुम्हांला एका प्रथिनाची गोष्ट सांगतो’ म्हणून सुरुवात करी. त्या प्रथिनाचे नाव बॅप-१. नाव ऐकून एखाद्या खोकल्याच्या गोळीची आठवण व्हावी. पण गोष्ट अशी निघाली की ती ऐकता ऐकता व्याकरण, इतिहास, सरकारी कचेरी आणि आपले कुलवृत्तान्त असे सगळेच माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ती मी माझ्या भाषेत सांगतो.

तीन खेडी

गोष्टीचा आरंभ तुर्कस्तानात होतो. तेथे कॅपाडोशिया नावाचा प्रदेश आहे. ज्वालामुखीच्या मऊ दगडात कोरलेली घरे पाहायला तेथे जगभरचे प्रवासी जातात. त्याच प्रदेशात करायन, तुझकोय आणि सारिहिदिर ही तीन खेडी आहेत. १९७०च्या दशकात अंकारातील हाजेत्तेपे विद्यापीठाचे डॉक्टर इझ्झेत्तिन बारिश यांच्या ध्यानात आले की या खेड्यांतून येणाऱ्या रोग्यांमध्ये एक अत्यंत दुर्मिळ कर्करोग विलक्षण प्रमाणात आढळतो. फुप्फुसांभोवती जे पातळ आवरण असते त्याचा हा कर्करोग. त्याला मेसोथेलिओमा म्हणतात.

हा रोग वैद्यांना अगदीच अपरिचित नव्हता. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली होती, आणि त्याचा संबंध तेथील अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींशी जोडून दाखवला होता. अ‍ॅस्बेस्टॉसचे अतिसूक्ष्म तंतू श्वासावाटे आत जातात, आवरणाशी जाऊन बसतात, आणि तीसचाळीस वर्षांनी घात करतात. पण कॅपाडोशियाच्या या खेड्यांत अ‍ॅस्बेस्टॉसची खाण नव्हती. पुढे उलगडा झाला तो असा, की ज्या दगडांनी लोकांनी आपली घरे बांधली होती त्यांतच एरिओनाइट नावाचे तंतुमय खनिज होते. त्याचे तंतू अ‍ॅस्बेस्टॉसहूनही घातक. माणसे जन्मल्यापासून भिंतींमधूनच ते विष घेत होती.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण एक खटकणारी बाब उरली. दगड सगळ्यांच्याच घरांना होता. तरी काही घराण्यांत माणसे एकामागून एक जात होती आणि काही घराण्यांना झळही लागत नव्हती. तेव्हा काही संशोधक दगड बाजूला ठेवून वंशावळी मांडायला बसले. २००१ साली त्यांनी सहा पिढ्यांतील ५२६ माणसांची वंशावळ प्रसिद्ध केली आणि म्हटले की येथे रक्ताचाही काही हात दिसतो. त्यावर वाद झाले. ‘दगडच पुरेसा आहे’ असे म्हणणारे म्हणतच राहिले.

त्या संशोधकांतले एक, मिकेले कारबोने, पुढे हवाई विद्यापीठात आणि त्यांचे सहकारी जोसेफ टेस्टा फिलाडेल्फियात, असे दोघे मिळून या ‘रक्ताच्या हाताचा’ पाठपुरावा करीत राहिले. उत्तर सापडले ते मात्र तुर्कस्तानात नव्हे, अमेरिकेत. तेथे लुइझियाना आणि विस्कॉन्सिन या राज्यांत दोन कुटुंबे अशी होती की ज्यांतले कुणी अ‍ॅस्बेस्टॉसच्या धंद्यात नव्हते, आणि तरीही मेसोथेलिओमाने व इतर कर्करोगांनी त्यांच्या घरात ठाण मांडले होते. २०११ साली जाहीर झाले की या दोन्ही कुटुंबांतील रोगी माणसांत एकाच जनुकात बिघाड आहे. ते जनुक म्हणजे बॅप-१ घडवण्याची लिखित आज्ञा.

कचेरीतले शिक्के

हे बॅप-१ करते तरी काय? त्यासाठी पेशीच्या कचेरीत शिरले पाहिजे.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत हजारो प्रकारची प्रथिने काम करीत असतात. कोणते प्रथिन ठेवायचे, कोणते मोडीत काढायचे, कोणाला कोठे पाठवायचे, हे ठरवायला पेशीपाशी एक शिक्का आहे. त्याचे नाव युबिक्विटिन. ते स्वतःच एक छोटेसे प्रथिन. ७६ अमिनो आम्लांची माळ. ते दुसऱ्या प्रथिनाला चिकटवले की झाला शिक्का. काही शिक्क्यांचा अर्थ ‘रद्द, मोडीत काढा’ असा असतो. हा मोडीचा व्यवहार उलगडून दाखविल्याबद्दल चिएखानोव्हर, हर्शको आणि रोझ या तिघांना २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण सगळेच शिक्के मृत्यूचे नसतात. काहींचा अर्थ ‘येथेच थांबा’, काहींचा ‘हे दप्तर बंद ठेवा’, असाही असतो.

आता ज्याने कधी सरकारी कचेरी पाहिली आहे त्याला सांगायला नको की जेथे शिक्का मारणारा असतो तेथे शिक्का पुसणाराही लागतो. चुकून मारलेला शिक्का पुसायचा, काम झाले की पुसायचा, हुकूम बदलला की पुसायचा. माणसाच्या पेशीत असे सुमारे शंभर पुसणारे कारकून आहेत. शास्त्रात अशा घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकर म्हणतात. बॅप-१ हा या शंभरांतला एक.

त्याचा शोध लागला १९९८ साली, फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत. स्तनाच्या कर्करोगाशी ज्याचा संबंध आहे त्या बीआरसीए-१ नावाच्या प्रसिद्ध प्रथिनाला ते चिकटलेले आढळले, म्हणून त्याचे नावही ‘बीआरसीए-१चा सोबती’ अशा अर्थाचेच पडले. घरात आलेल्या नव्या सुनेला वर्षभर ‘अमक्याची बायको’ म्हणतात, तशातला प्रकार. पुढे २००८ साली दिसून आले की ज्या पेशींत बीआरसीए-१ नाही तेथेही हे आपले वाढ आवरण्याचे काम चोख करते. सुनेला स्वतःचे कर्तृत्व होते. नाव मात्र बदलायचे राहून गेले.

हा कारकून बसतो मुख्यतः पेशीच्या केंद्रकात, म्हणजे जेथे जनुकांचे दप्तर ठेवलेले असते तेथे. जनुकांचा लांबच लांब धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्यांतल्या एका हिस्टोनवर युबिक्विटिनचा शिक्का पडला की तेथले दप्तर मिटलेले राहते. बॅप-१ तो शिक्का पुसतो. फळमाशीवरील अभ्यासातून २०१० साली हे प्रथम नीट कळले. पेशीने केव्हा वाढावे, केव्हा थांबावे, तिने काय व्हावे, यासंबंधीची पाने वेळेवर उघडी राहण्यात त्याचा असा वाटा आहे. तो एकटा हे करीत नाही. एएसएक्सएल नावाच्या कुळातला एक जोडीदार त्याला धरून उभा असेल तरच त्याचा हात चालतो.

ध चा मा

आता बिघाडाकडे वळू. येथे मला माझ्या विषयाची मदत होते.

१७७३ सालच्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याविषयीची आख्यायिका मराठी घरातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. राघोबादादांच्या पत्रात ‘धरावे’ असे होते, आनंदीबाईंनी त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झाले. इतिहासकार या गोष्टीला पुरावा मागतात, तो त्यांना मागू द्या. पण एका अक्षराने केवढा अनर्थ होतो हे समजावण्यासाठी तिच्याइतकी चांगली गोष्ट दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असे मला वाटत नाही. जनुकातल्या अशा अक्षरबदलाला उत्परिवर्तन म्हणतात.

बॅप-१ची माळ ७२९ अमिनो आम्लांची. तिच्यातल्या ९१व्या जागी सिस्टीन नावाचे आम्ल बसलेले आहे. शिक्का पुसण्याची खरी करामत त्या जागेची. कारकुनाच्या हातातला खोडरबर तेथे आहे असे समजा. जनुकातले एकच अक्षर बदलून तेथे दुसरे आम्ल आले की कारकून दिसायला तसाच, खुर्चीवर तसाच, पण हाताखाली काही पुसले जात नाही. हा झाला ‘ध चा मा’.

दुसरा प्रकार याहून विध्वंसक. पेशी जनुक वाचते ते तीन तीन अक्षरांचे गट करून, मध्ये मोकळी जागा न सोडता. तीन तीन अक्षरांचे एक वाक्य घ्या: ‘रमेश सकाळी उठला बाजारी निघाला.’ यातले फक्त ‘मे’ हे अक्षर गळाले आणि गट मात्र तीन तीनचेच पाडायचे ठरले, तर वाक्य होते: ‘रशस काळीउ ठलाबा जारीनि घाला.’ रमेशही गेला आणि बाजारही गेला! जनुकातले एखादे अक्षर गळले किंवा जास्तीचे घुसले की पुढचा सगळा मजकूर असा बरळू लागतो, आणि लवकरच कोठेतरी अवेळी पूर्णविराम येतो. प्रथिन अर्धवटच तयार होते. ज्या कुटुंबांत बॅप-१चा बिघाड वारशाने आला आहे, त्यांच्यात हा अर्ध्यावर तुटण्याचा प्रकार वारंवार आढळतो.

आणि येथे एक मौजेची, पण जीवघेणी गोष्ट आहे. प्रथिन पेशीत तयार होते ते केंद्रकाच्या बाहेर. आत जायला त्याच्याजवळ पत्ता लागतो, आणि बॅप-१चा पत्ता लिहिलेला आहे त्याच्या माळेच्या अगदी शेवटाकडे. पाकिटावरचा मजकूर ऐसपैस लिहावा आणि गावाचे नाव तळाच्या ओळीत कोंबावे तसे. त्यामुळे माळ मधे कोठेही तुटली तरी पत्ता हमखास जातो. कारकुनाचे डोके शाबूत असले, खोडरबर शाबूत असला, तरी तो कचेरीच्या दारातून आत येऊ शकत नाही.

कारकुनावरही शिक्का

इथवर ऐकून मी भाच्याला विचारले, ‘काय रे, या कारकुनावर कुणाची देखरेख नाही का?’ तो म्हणाला, ‘मामा, तीच तर गंमत आहे.’

२०१४ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवले की या शिक्के पुसणाऱ्यालाच शिक्का मारणारे आणखी एक विकर आहे. त्याचे नाव युबीई-टू-ओ. ते नेमके बॅप-१च्या पत्त्याच्या ओळीपाशीच शिक्के मारते. पत्ता झाकला गेला की बॅप-१ केंद्रकाच्या बाहेर अडकून राहते. मग ते काय करते? आपल्याच खोडरबराने आपल्याच अंगावरचा शिक्का पुसते, पत्ता मोकळा करते आणि आत जाते. पेशी त्याला किती आत ठेवायचे आणि किती बाहेर, हे या मारण्यापुसण्याच्या ओढाताणीतून ठरते.

आता वरच्या ‘ध चा मा’ची आठवण करा. ज्याचा खोडरबर बिघडला त्याला दुसऱ्यांचे शिक्के पुसता येत नाहीत, एवढेच नुकसान होत नाही. त्याला स्वतःचाही शिक्का पुसता येत नाही. म्हणून तो दारातच खोळंबतो. कर्करोग्यांत सापडलेल्या काही उत्परिवर्तनांची अशीच गत होते असे त्या संशोधकांना आढळले. एका अक्षराचा दोष, आणि शिक्षा दुहेरी.

पण बाहेर राहिलेला बॅप-१ निव्वळ रिकामटेकडा नसतो, हे २०१७ साली कळले. पेशीत कॅल्शियमची एक कोठी असते आणि तिला झडपा असतात. त्या झडपांतून कॅल्शियम पेशीच्या ऊर्जाघरांत, म्हणजे तंतुकणिकांत, जाते. एखाद्या पेशीच्या जनुकांची इतकी मोडतोड झाली की ती आता दुरुस्त होणार नाही, तर याच वाटेने कॅल्शियमचा लोंढा जाऊन ती पेशी मरण पत्करते. पेशीचे हे मरण शरीराच्या हिताचे असते. बिघडलेली पेशी मेली म्हणजे कर्करोगाचे बीजच गेले. ती झडप मोडीत निघू नये म्हणून तिच्यावरचे शिक्के पुसत राहण्याचे काम बॅप-१चे. ते निम्मे झाले तर झडपा कमी पडतात, आणि मरायला हवी ती पेशी मरत नाही. जगते, आणि आपला बिघाड पुढच्या पेशींना देते.

वारशात काय आले?

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ शकतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. बॅप-१ची एक प्रत बिघडलेली घेऊन मूल जन्मले तरी ते निरोगीच जन्मते. दुसरी प्रत काम भागवते. कर्करोग उभा राहतो तो पुढे केव्हातरी एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही बिघडली तर. दोन घाव पडावे लागतात, हा विचार आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली मुलांच्या डोळ्यांतील एका कर्करोगाच्या अभ्यासातून मांडला होता. तो येथेही लागू पडतो.

म्हणजे वारशाने रोग आला नाही. आला तो एक कमी असलेला पहारेकरी.

तो कमी असल्याने किती फरक पडतो, हे २०१४ साली उंदरांवर पाहण्यात आले. सारखेच अ‍ॅस्बेस्टॉस दिलेल्या उंदरांत, ज्यांच्या दोन्ही प्रती धड होत्या त्यांतल्या शंभरांपैकी ३२ना मेसोथेलिओमा झाला; ज्यांची एक प्रत बिघडलेली होती त्यांतल्या शंभरांपैकी ७३ना. दगड की रक्त, हा जुना वाद येथे मिटल्यासारखा होतो. दोन्ही. तंतू घाव घालतो, आणि घाव झाल्यावर जी पेशी मरायची ती रक्तातल्या उणिवेमुळे मरत नाही. म्हणून वारसा बदलता येत नसला तरी तंतू टाळणे आपल्या हातात आहे. तुझकोयच्या लोकांसाठी जुन्या गावापासून दूर नवी वस्ती वसवण्यात आली ती यासाठीच. आपल्याकडेही गोदामांवर, चाळींच्या पडव्यांवर अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आहेत. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याच्या हक्काविषयी महत्त्वाचा निकाल दिला आहे. डोक्यावर अखंड पत्रा आहे म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका असतो तो तो कापताना, भोके पाडताना, फोडताना उडणाऱ्या धुळीत. ते काम घरच्या घरी, तोंडाला रुमाल बांधून उरकण्याचे नव्हे.

एक गैरसमज मात्र येथेच दूर केला पाहिजे. बॅप-१ बिघडलेले आढळले म्हणजे ते वारशानेच आले असे मुळीच नाही. मेसोथेलिओमाच्या निम्म्याहून अधिक गाठींत ते बिघडलेले असते, आणि त्यांतले बहुतेक बिघाड त्या माणसाच्या आयुष्यात, त्या गाठीतच झालेले असतात. डोळ्यातल्या एका कर्करोगाच्या, शरीरभर पसरणाऱ्या ३१ गाठी २०१० साली तपासल्या, तर २६ गाठींत हे जनुक बिघडलेले निघाले. तेथेही बिघाड बहुतांशी गाठीपुरताच होता. एकूण कर्करोगांचा हिशेब घेतला तर ठळकपणे वारशाने येणाऱ्या बिघाडाचा वाटा शंभरांत पाच ते दहाच धरला जातो. घरात दोन माणसांना कर्करोग झाला, एवढ्यावरून ‘घराण्यात आहे’ म्हणणे म्हणजे दोन शब्द सारखे दिसले म्हणून एका धातूचे मानण्यासारखे आहे.

कुलवृत्तान्तातला गाळलेला रकाना

अमेरिकेतील त्या कुटुंबांच्या गोष्टीचा पुढचा अंक २०१५ साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या राज्यांत राहणाऱ्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या काही कुटुंबांत बॅप-१चा अगदी तोच, अक्षरशः तोच बिघाड आढळला. तेव्हा जनुकांच्या जोडीने जुन्या नोंदी धुंडाळण्यात आल्या. नऊ पिढ्या मागे गेल्यावर सगळे धागे एका जोडप्यापाशी आले. अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत जन्मलेले ते जोडपे पुढे अमेरिकेत येऊन राहिले होते. त्यांच्या सुमारे ८०,००० वंशजांची नोंद लागली. यांतल्या सगळ्यांना बिघाड मिळाला असे नव्हे. प्रत्येक पिढीत तो मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, नाणेफेकीसारखी. एकदा तो एखाद्या शाखेत गेला नाही की त्या शाखेतून कायमचा गेला. पण कोणाची तपासणी करायला हवी, हे कळले ते त्या वंशावळीमुळे.

हे ऐकले आणि मला आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त आठवला. मराठी घराण्यांनी कुलवृत्तान्त काढण्यात जे कष्ट घेतले आहेत त्यांना तोड नाही. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, कोण कोकणातून देशावर गेला, कोणाला कितवी मुलगी, कोण दत्तक, कोणाची पदवी, कोणाची नोकरी, सगळे त्यांत असते. आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती काही वर्षांपूर्वी निघाली, तेव्हा शुद्धलेखन तपासायला म्हणून मंडळाने मला घेतले होते. मी सुचवले की मृत्यूच्या तिथीबरोबर मृत्यूचे कारण असाही एक रकाना ठेवावा. क्षणभर कुणी बोलले नाही. मग मंडळातले एक वडीलधारे काका सौम्यपणे म्हणाले, ‘अरे, पोरींची लग्ने व्हायची आहेत अजून.’ रकाना गळाला. माझ्या आजीच्या पाठच्या दोन बहिणी चाळिशीच्या आत गेल्या. कशाने गेल्या, हे सांगू शकेल असे माणूस आता घरात उरलेले नाही. पुस्तकात त्यांच्या नावांपुढे फक्त ‘निवर्तल्या’ असे आहे.

काकांना मी दोष देत नाही. त्यांनी जग पाहिले आहे, आणि कुजबुजीने मोडलेली लग्नेही पाहिली आहेत. पण ती कुजबुज ज्या समजुतीवर उभी आहे ती समजूतच चुकीची आहे, हे या शिक्के पुसणाऱ्या कारकुनाने मला शिकवले. कुजबुज म्हणते, घराण्यात मरण आहे. विज्ञान म्हणते, कदाचित एखादा पहारेकरी कमी असेल. तेव्हा दिवा थोडा मोठा ठेवा.

दिवा मोठा ठेवण्याने काय होते, तेही सांगितले पाहिजे, आणि खरे तेच सांगितले पाहिजे. बिघडलेल्या बॅप-१ला पुन्हा कामावर आणणारे औषध अजून नाही. ज्यांना हा बिघाड वारशाने मिळाला आहे त्यांच्यापैकी पुष्कळांना आयुष्यात एखादा कर्करोग होतो. ही बाब हलकी नाही. पण कळलेले असेल तर वर्षाकाठी डोळे तपासता येतात, त्वचेवरचे तीळ पाहता येतात, मूत्रपिंडांवर नजर ठेवता येते, आणि गाठ लहान असतानाच सापडू शकते. आणखी एक अनपेक्षित गोष्ट अशी, की वारशाने हा बिघाड असलेल्यांना मेसोथेलिओमा झाला तर ते इतर मेसोथेलिओमाच्या रोग्यांपेक्षा पुष्कळ अधिक जगतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात शंभरांत ४७ होते, इतरांत सातही नव्हते. ज्या उणिवेने रोग आणला त्याच उणिवेने तो काहीसा मवाळही केला, असे दिसते. निसर्गाचे व्याकरण आपल्या व्याकरणापेक्षा अपवादांनी अधिक भरलेले आहे.

आणि जी तपासणी ‘आहे’ सांगते तीच ‘नाही’ही सांगते. नाणेफेकीत ज्याच्या वाट्याला धड प्रत आली, तो आणि त्याची मुले या एका भीतीतून कायमची सुटतात. कुजबुज मात्र कुणालाच सोडत नाही. ती साऱ्या घराण्याला सरसकट शिक्का मारते, आणि तो पुसायला कुणाची नेमणूक करीत नाही.

दिवाळीत घरोघर माणसे जमतात. भाऊबीजेला आत्या येतात, मावश्या येतात, फराळाच्या ताटांभोवती जुन्या गोष्टी निघतात. अशा वेळी एखाद्या पोक्त बाईंना शांतपणे विचारावे, की आजोबा कशाने गेले, त्या काकू कितव्या वर्षी गेल्या, कोणत्या दुखण्याने गेल्या, कोणत्या गावी होत्या. मिळेल ते वहीत उतरवावे. एकाच बाजूच्या दोनतीन माणसांना पन्नाशीच्या आत कर्करोग झालेला दिसला, किंवा एखादा दुर्मिळ कर्करोग घरात दोनदा आलेला दिसला, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. आनुवंशिक कर्करोगाबद्दल सल्ला देणारे तज्ज्ञ आता आपल्या मोठ्या शहरांतून आहेत. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातही तशी सोय आहे. बहुधा ते म्हणतील, काळजीचे कारण नाही. म्हणाले नाहीत, तर निदान वेळेवर म्हणाले असे होईल.

आमच्या कुलवृत्तान्ताची माझी प्रत माझ्या टेबलावर आहे. तिच्या समासात मी पेन्सिलीने तो गाळलेला रकाना भरायला सुरुवात केली आहे. सतरा नावांपुढे कारण लिहून झाले आहे. उरलेल्यांसाठी या भाऊबीजेला मला तीन आत्यांना भेटायचे आहे.